दरिद्री हेरांची चित्रकथा

गुप्तहेर म्हटला कीं उंची पोशाख, वेगवान मोटार आणि खिशांत खुळखुळणारा पैसा हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. मे १९६९ मध्यें इटलींतील मिलान शहरीं निघूं लागलेल्या ‘ॲलन फोर्ड’ या चित्रकथामालेनें त्या चित्राची भरपूर थट्टा केली. कथा माक्स बंकर ऊर्फ लुचानो सेक्की यांची. पहिल्या ७५ अंकांचीं चित्रें माग्नुस ऊर्फ रोबेर्तो राव्हियोला यांचीं.

देखणा, भोळा आणि कफल्लक चित्रकार ॲलन न्यूयॉर्कमधील एका हेरमंडळांत चुकून येऊन पडतो. मंडळाचा अड्डा म्हणजे एक कळकट फुलांचें दुकान. चाकांच्या खुर्चींत बसणारा जराजर्जर म्होरक्या, ‘नंबर वन’, कामगिरीचें द्रव्य स्वतः गिळतो आणि उपाशी हेरांच्या हातावर चार नाणीं टेकवितो. त्यांचा शत्रु सुपरचुक तर याहूनहि मासलेवाईक. हा झाडूवाला गरिबांस लुटून श्रीमंतांस देतो, आणि त्याचें शस्त्र म्हणजे त्याचा मद्यगंधी उच्छ्वास!

इटलीबाहेर हा विनोद फारसा रुजला नाहीं; अपवाद एका युगोस्लाव्हियाचा. झाग्रेबचे विनोदी लेखक नेनाद ब्रिक्सी यांनीं तो शब्दशः न उतरवितां भारदस्त, जुन्या वळणाच्या क्रोएशियन भाषेंत घातला. भुकेकंगालांच्या तोंडीं दरबारी बोली! भाषांतरकाराचें श्रेय बहुधा विसरलें जातें. येथें तसें झालें नाहीं. वरचे गब्बर आणि खालचे उपाशी, हें न्यूयॉर्क तेथील वाचकांस परकें वाटलें नाहीं. १९९१ पासून तें राष्ट्र फुटत गेलें, तरी त्याच्या निरनिराळ्या तुकड्यांतील माणसें या कथांतील वाक्यें आजहि एकमेकांस ऐकवितात.