तेलाच्या दाबावर तोललेलं विमान

बेंगळुरूच्या कस्तुरबा रोडवर, विश्वेश्वरय्या संग्रहालयाच्या आवारात एक ‘मरुत’ लढाऊ विमान उभं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं याच शहरात विमानांचा कारखाना काढला. आजची ‘एचएएल’ ती हीच. तिथं कुर्ट टँक या जर्मन अभियंत्यानं मरुतची रचना केली आणि 17 जून 1961 रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. या विमानाची एक मोठी सोय होती. तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण बंद पडली, तरी वैमानिक मनगटाच्या जोरावर ते चालवू शकत असे.

याच शहरात घडलेल्या आणि 4 जानेवारी 2001 रोजी झेपावलेल्या ‘तेजस’ या लढाऊ विमानात ही सोय नाही. ती ठेवताच आली नसती.

विमान वळतं ते पंख आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्यांमुळे. वेग वाढला की हवा या पट्ट्या प्रचंड जोरानं रेटते. तिच्याविरुद्ध पट्टी हलवायचं बळ तेल देतं. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम. गॅरेजमधला हायड्रॉलिक जॅक गाडी उचलतो तो त्यावरच. बहुतेक प्रवासी विमानांत तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 210 किलो असतो. 50 चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर तो पडला, की साडेदहा टनांचा रेटा तयार होतो! इंजिनावर चालणारा पंप हा दाब टिकवतो, व्हॉल्व्ह तेलाला वाट दाखवतो आणि काम झालेलं तेल टाकीत परततं.

तेजसला मागची आडवी शेपटी नाही आणि त्याची रचना मुद्दामच अस्थिर ठेवली आहे. म्हणून ते चपळ आहे, पण मोकळं सोडलं तर क्षणात भरकटेल. त्याला तोलून धरण्यासाठी संगणक सेकंदाला अनेकदा पट्ट्यांना बारीक हुकूम सोडत राहतो. इतक्या झपाट्यानं माणसाचा हात चालत नाही. संगणकाचा हुकूम पट्टीपर्यंत पोहोचतो तो तेलाच्या रेट्यानंच, त्यामुळे इथं दाब गेला तर मेंदू शाबूत राहूनही उपयोग नाही. म्हणूनच तेजसमध्ये दोन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा आहेत. एक बंद पडली तरी दुसरी विमान सांभाळते.

पण संख्या वाढवली की काम भागलं, असं नाही. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाच्या शेपटीतलं इंजिन फुटलं. विमानात तीन यंत्रणा होत्या, पण तिन्हींचे पाइप शेपटीत जवळजवळ होते आणि उडालेल्या तुकड्यांनी सगळ्यांचं तेल सांडलं. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत वैमानिकांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. ते कोसळलं, तरीही 184 जण वाचले. हे कौशल्य थक्क करणारं आहेच, पण डिझायनरांना धडा मिळाला तो पाइपांच्या वाटांचा. पुढे डीसी-10 मध्ये गळती होताच तेल अडवणारे व्हॉल्व्ह बसवले गेले.

दुबईहून 2022 पासून बेंगळुरूला येऊ लागलेल्या ए-380 या प्रवासी विमानात त्याहून वेगळी वाट दिसते. त्यात दाब 350 किलोपर्यंत वाढवलेला आहे, म्हणजे तेवढ्याच बळासाठी पाइप बारीक आणि दट्टे लहान पुरतात. शिवाय काही पट्ट्यांपाशी छोटी मोटर, पंप आणि थोडंसं तेल असा स्वतंत्र संच बसवला आहे. मुख्य यंत्रणेचं तेल संपलं, तरी विजेची तार शाबूत असेपर्यंत तो संच आपली पट्टी हलवू शकतो.