विग्रह अर्थाचा, फोड उच्चाराची

नेवासे येथे प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचे पांढरीचे टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. हसमुख सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले. दगडाची पाती वापरणाऱ्या आणि त्याचबरोबर तांबेही जाणणाऱ्या वसाहतीचे अवशेष त्यात मिळाले. मराठीत या युगाला ताम्रपाषाणयुग म्हणतात. हा शब्द ऐकताच अर्थ उमगतो. इंग्रजी पुस्तकातील ‘कॅल्कोलिथिक’ मात्र विद्यार्थ्याला अडखळवितो, आणि तो बहुधा ‘चाल्कोलिथिक’ असा वाचला जातो.

यात विद्यार्थ्याचा दोष थोडा आहे. ‘सीएच’ म्हणजे ‘च’ हेच त्याला प्रथम शिकविलेले असते. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत ही जोडी सामान्यतः ‘क’ होते, हे सांगावयाचे राहून जाते. वस्तुतः ‘केमिस्ट्री’ तो रोज बिनचूक उच्चारतो. ग्रीक ‘खाल्कोस’ म्हणजे तांबे आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड. भूशास्त्रातील ‘कॅल्कोपायराइट’ हे तांब्याचे खनिजही त्याच कुळातले. फळ्यावरच्या ‘चॉक’शी मात्र याचे नाते नाही, तो चुन्याच्या लॅटिन नावावरून आला.

परंतु विग्रह कळला म्हणजे उच्चार साधला, असे नव्हे. अर्थाच्या दृष्टीने सांधा ‘कॅल्क’ आणि ‘लिथ’ यांच्यामध्ये आहे. जिभेला मात्र कॅल्-को-लि-थिक अशी फोड करावी लागते. मराठी माणसाला हे नवे वाटू नये. शके १२१२ मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील मुलाला ‘ज्ञान’ अधिक ‘ईश्वर’ हा विग्रह ठाऊक असतो. तरीही तो म्हणतो ज्ञा-नेश्-वर. दोन पदांचा सांधा ‘ने’ या एका अक्षरात विरून गेलेला असतो.

खरी अडचण आघाताची आहे. मराठीत अक्षरे बहुतांशी सारख्या जोराने चालतात. इंग्रजीत एका अक्षरावर भर पडतो आणि शेजारची अक्षरे दुबळी होतात. शब्दाच्या शेवटी ‘इक’ आला की भर सामान्यतः त्याच्या लगतच्या आधीच्या अक्षरावर जातो. ‘मॉनोलिथ’मध्ये तो ‘मॉ’वर असतो, ‘मोनोलिथिक’मध्ये ‘लि’वर सरकतो. ‘कॅल्कोलिथिक’मध्येही भर ‘लि’वर, आणि ‘को’ इतका हलका की जवळजवळ ‘क’च.

एवढे सांगण्यास वर्गातील दहा मिनिटे पुरेत. ती न दिल्यामुळे होणारी हानी मात्र मोठी आहे. चुकलेल्या उच्चारावर हशा पिकला की मूल पुन्हा तोंड उघडीत नाही. विषय समजलेला असूनही ते स्वतःला अडाणी समजू लागते. उच्चार ही ज्ञानाची कसोटी नव्हे; तो शिकविण्याचा विषय आहे. ज्या गावाच्या मातीतच त्या शब्दाचा अर्थ पुरलेला होता, तेथील विद्यार्थ्याला तरी तो शब्द परका वाटता कामा नये.