किल्ली आपल्याकडे, पण सही कशावर?

18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून 23 कोटी डॉलरहून अधिक किमतीची, म्हणजे सुमारे 2,000 कोटी रुपयांची आभासी नाणी चोरीला गेली. यामागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी 2025 मध्ये संयुक्त निवेदनात म्हटलं. ग्राहकांचे व्यवहार गोठले ते ऑक्टोबर 2025 पर्यंत. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या ज्या नोकरदारांनी पगारातून थोडीथोडी नाणी जमवली होती, त्यांना तेव्हापासून एक सल्ला सतत ऐकू येतो: एक्स्चेंजवर काही ठेवू नका, हार्डवेअर वॉलेट, म्हणजे गुप्त किल्ली आत जपणारं छोटं यंत्र, घ्या.

सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे. कारण त्या चोरीतही हार्डवेअर वॉलेट होतीच. वझीरएक्सने दिलेल्या माहितीनुसार व्यवहाराला मंजुरी देणारे तिघे सहीसाठी हीच यंत्रं वापरत होते. यंत्रातली किल्ली चोरांच्या हाती लागली नाही. तरीही नाणी गेली. असं कसं झालं, हे समजण्यासाठी यंत्राच्या आत काय चालतं ते पाहायला हवं.

पहिली गोष्ट, या यंत्रात नाणी नसतात. नाणी म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामायिक वहीतल्या नोंदी. ती नोंद हलवण्याचा अधिकार एका खाजगी किल्लीला असतो आणि ही किल्ली म्हणजे 256 बिटांचा एक आकडा. दशमान पद्धतीत लिहिला तर तो सुमारे 77-78 अंकी होतो. अंदाजाने शोधायला जगातले सगळे संगणक कमी पडतील, म्हणून चोर तो कधी अंदाजाने शोधत नाही. तो फोनमधून किंवा लॅपटॉपमधून उचलतो. हार्डवेअर वॉलेट हीच वाट बंद करतं. व्यवहाराचा मजकूर यंत्रात जातो, यंत्र आतल्या आत किल्ली वापरून सही करतं आणि बाहेर फक्त सही येते. लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही. प्रागच्या कंपनीचं ट्रेझर हे अशा यंत्रांपैकी पहिलं, 2014 मध्ये बाजारात आलं. पॅरिसची लेजर कंपनीही त्याच वर्षी सुरू झाली.

आता वझीरएक्सकडे वळू. सही करणाऱ्यांना संगणकाच्या पडद्यावर नेहमीसारखा व्यवहार दिसत होता. प्रत्यक्ष सहीसाठी यंत्राकडे गेलेला मजकूर वेगळाच होता: वॉलेटचा ताबाच दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवणारा. इथिरियम या क्रिप्टो-जाळ्यावरचे असे गुंतागुंतीचे व्यवहार छोट्या पडद्यावर अनेकदा नुसत्या अक्षर-आकड्यांच्या लांबलचक माळेसारखे दिसतात आणि माणूस विश्वासाने बटण दाबतो. कोऱ्या चेकवर सही करावी तसंच हे. दोष कुणाचा, यावर वझीरएक्स आणि वॉलेटची तांत्रिक व्यवस्था पाहणारी कंपनी यांच्यात वाद झाला. पण सामान्य वापरणाऱ्याला उपयोगाची गोष्ट त्या वादाच्या पलीकडची आहे. किल्ली सुरक्षित ठेवण्याचं काम यंत्र करतं. सही कशावर होते आहे, हे वाचण्याचं काम माणसाचंच. संगणकाचा पडदा खोटं दाखवू शकतो, म्हणून रक्कम आणि पत्ता यंत्राच्याच पडद्यावर वाचायचा. पत्ता कॉपी केला की गुपचूप दुसराच चिकटवणारे व्हायरस आहेत, तेव्हा सुरुवातीची-शेवटची चार अक्षरं बघून भागत नाही.

खरेदी निर्मात्याच्या संकेतस्थळावरून किंवा त्याने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच करावी. 2023 मध्ये कॅस्परस्की कंपनीच्या तज्ज्ञांनी एक बनावट ट्रेझर उघडून पाहिलं. बाहेरून ते अस्सल दिसत होतं, पण आतली चिप बदललेली होती आणि यंत्र जी किल्ली 'नव्याने' तयार करत असे, ती चोरांना आधीच ठाऊक होती. जुनं, कुणी वापरलेलं यंत्र म्हणूनच घेऊ नये, कितीही स्वस्त मिळालं तरी. आणि खोक्यात किल्ली परत मिळवून देणारे शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं, तर त्या यंत्रात एक रुपयाही टाकू नये.

हे शब्द हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं, पिन ठरवला की ते सहसा 12 किंवा 24 इंग्रजी शब्द दाखवतं. ते 2,048 शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात. 2,048 म्हणजे दोनाचा अकरावा घात, म्हणून प्रत्येक शब्दात 11 बिट मावतात. 24 शब्दांचे झाले 264. त्यातले 256 बिट म्हणजे सगळ्या किल्ल्यांचं मूळ आणि उरलेले 8 तपासणीसाठी. चुकीचा शब्द लिहिला तर यंत्र तो क्रम बहुतेक वेळा नाकारतं, ते या आठ बिटांमुळे. यंत्र हरवलं, पाण्यात पडलं, कंपनी बंद पडली, तरी हे शब्द नव्या यंत्रात भरले की सगळं परत मिळतं. शब्द दुसऱ्या कुणी पाहिले, तर त्याला यंत्राची गरजही उरत नाही.

हे शब्द देवनागरीत लिहू नका. 'राइट' असा उच्चार असलेले दोन वेगळे शब्द त्या यादीत आहेत, एक 'उजवा' या अर्थाचा, दुसरा 'लिहिणे' या अर्थाचा. इंग्रजी ठळक अक्षरांत, क्रमांक घालून, हाताने लिहा. फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवणं नको, ई-मेल नको, झेरॉक्सच्या दुकानात तर नकोच. फोनवर काढलेला फोटो तुमच्या नकळत क्लाउडवर जातो आणि मग यंत्रासाठी मोजलेले पैसे वाया.

कागदाचं आपल्या भागात वेगळं दुखणं आहे. 26 जुलै 2005 च्या पुरात कल्याण, बदलापूर परिसरातल्या तळमजल्यांवरच्या कपाटांचं काय झालं, ते अनेकांनी पाहिलं आहे. त्यामुळे रक्कम मोठी असेल तर शब्द स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवावेत आणि दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. कोरण्याचं काम स्वतः करायचं, कारागिराला शब्द दाखवायचे नाहीत. बँकेच्या लॉकरचा विचार करताना हे लक्षात घ्या: आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांसाठी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते, पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीसाठी ती नसते.

शब्द लिहून झाले की बहुतेक जण लगेच सगळी नाणी हलवतात. तसं करू नका. आधी अगदी थोडी रक्कम पाठवा. मग यंत्र मुद्दाम पुसून टाका आणि लिहिलेल्या शब्दांवरून पुन्हा उभं करा. रक्कम दिसली, तरच बाकीची हलवा. या तालमीला अर्धा तास लागेल, पण लिहिण्यातली चूक नंतर कुणीही दुरुस्त करून देऊ शकत नाही.

शब्द मागणारा माणूस चोर असतो, मग तो कंपनीचा प्रतिनिधी म्हणून फोन करो की पत्र पाठवो. 2020 मध्ये लेजरच्या सुमारे 2,72,000 ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन क्रमांक फुटले. पुढच्या वर्षी काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रं पोचली, 'सुरक्षेसाठी हे वापरा' अशा पत्रासह. न मागवलेलं यंत्र दारात आलं तर ते वापरू नका.

यंत्राच्या आवाक्याबाहेरही काही आहे. जून 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी 'मनी ट्रेड कॉइन' या आभासी नाण्याच्या प्रकरणी कारवाई केली. आरोप सुमारे 500 कोटींच्या फसवणुकीचा होता. जिथे नाणंच पोकळ, तिथे किल्ली कितीही जपली तरी उपयोग नाही. आणि वारसांचं काय? बँक खात्याला नामनिर्देशन असतं, या किल्लीला नसतं. यंत्र कुठे आहे आणि शब्द कुठे आहेत, हे घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक नसेल, तर तुमच्या माघारी ती नाणी वहीत दिसत राहतील, पण मिळणार नाहीत.

क्रिप्टो घ्याच, असं मी कुणाला सांगणार नाही. भाव कोसळतात आणि नफ्यावर 30 टक्के कर आहे, तोही इतर तोट्याची वजावट न देता. पण ज्यांनी घेतलं आहे, त्यांनी किल्ली स्वतःकडे घ्यावी, हे मात्र ठामपणे सांगतो. फसवणूक झाल्याचं लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा आणि नाणी ज्या एक्स्चेंजकडे गेलेली दिसतात, त्यालाही लगेच कळवा. वहीतली नोंद उलटवता येत नाही. नाणी एक्स्चेंजवरून पुढे जाण्याआधी तिथलं खातं गोठवलं गेलं, तरच ती परत मिळण्याची आशा असते.