भाडे न देणारा भाडेकरू

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात साफसफाईचा सोहळा सुरू होतो. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, गेल्या वर्षीचे पणत्यांचे खोके सापडते, आणि “हे ठेवायचे की टाकायचे?” या एका प्रश्नावर सौभाग्यवतींचे आणि माझे जे मतभेद होतात ते लक्ष्मीपूजनापर्यंत मिटत नाहीत. यंदा या साफसफाईत घरातली एक नवी खोली आम्ही झाडून काढली. ती खोली म्हणजे माझा लॅपटॉप.

लॅपटॉपला खोली म्हटले म्हणून हसू नका. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस घरात आला की माणसे ओसरीवर झोपतात. भाव चढेल या आशेने शेतकरी कापूस घरातच रचून ठेवतो. माजघर भरते, मग देवघराची भिंत झाकते, आणि पोरेबाळे अंग चोरून वावरतात. पण त्याची कुणी तक्रार करीत नाही. कारण तो कापूस आपला असतो. उद्या एखादा परका मनुष्य आपली गाठोडी रात्रीतून आपल्या माजघरात रचून गेला तर मात्र सारे गाव गोळा होईल. माझ्या लॅपटॉपात नेमके हेच घडले, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. एवढेच नव्हे, तर त्या परक्याला जागा व्हावी म्हणून मी माझ्या घरातली वस्तू स्वतःच्या हाताने बाहेर फेकली.

ही हकीकत सांगण्यासारखी आहे. कारण आज अनेक मध्यमवर्गीय घरांत संगणक आहे, आणि ‘जागा शिल्लक नाही’ ही तक्रारही आहे.

आत्याची ओवी

मी कॉलेजात मराठी शिकवतो. गेली आठ वर्षे सुट्ट्यांत दारव्हा-दिग्रसकडच्या खेड्यांतून हिंडून वृद्ध स्त्रियांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्याचा मला नाद आहे. हे काम पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्यापुढे माझा संग्रह म्हणजे मूठभर दाणे! तरी त्या दाण्यांत माझ्या आत्याचा आवाज होता. तो आवाज बसका, मधेच खोकला येणारा, पाठीमागे कोंबड्यांचा कलकलाट. गेल्या मार्गशीर्षात आत्या गेली.

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. विद्यार्थ्यांचे गुण त्याच रात्री संगणकावर भरून पाठवायचे होते, आणि लॅपटॉपने हात वर केले. डिस्क भरली म्हणे! रात्रीचे साडेअकरा वाजलेले. डोके तापलेले. मी समोर दिसेल ते पुसत सुटलो. ओव्यांच्या फोल्डरात ‘खराब आवाज’ असे नाव देऊन बाजूला ठेवलेले सहा तासांचे मुद्रण होते, तेही पुसले. जागा तरी होईना, म्हणून कचरापेटीही रिकामी केली. गुण गेले, मी झोपलो. पंधरा दिवसांनी ध्यानात आले की आत्याच्या ओव्या त्याच फोल्डरात होत्या.

माझा एक जुना विद्यार्थी दत्त चौकाजवळ संगणक दुरुस्त करतो. त्याच्याकडे धावत गेलो. त्याने बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. “सर, जुन्या फिरत्या डिस्कमधून पुसलेलं पुष्कळदा परत काढता यायचं. ह्या नव्या एसएसडीत तसं नाही. पुसलेली जागा ती स्वतःच मागून साफ करून टाकते. आता काही मिळायचं नाही.”

मी गप्प बसलो. तो मात्र डिस्कवरची एकेक फाइल मोठ्यापासून लहानापर्यंत लावून पाहत होता. मधेच म्हणाला, “सर, हे तुम्ही घेतलं होतं का?”

“काय ते?”

“एआयचं सामान आहे. तुम्ही पुसलेल्या सहा तासांच्या कितीतरी पट आहे हे.”

मी ते मागितले नव्हते. ते केव्हा आले हे मला ठाऊक नव्हते. मी ते कधी वापरलेही नव्हते. कुण्या एका अद्ययावतीकरणाबरोबर ते आत आले होते आणि निवांत पाय पसरून बसले होते. त्याच्या मालकाचे नाव येथे सांगत नाही. एकाला बोल लावून दुसऱ्याला साधुत्व देण्यात अर्थ नाही.

घरी येऊन आईला सांगितले. तिला संगणक कळत नाही, पण घर कळते. ती म्हणाली, “काहून रे बापू, आपल्याच घरात आपल्याले जागा नाही?”

जाते घरात का आले?

हा भाडेकरू आहे तरी कोण, हे आधी समजून घेऊ. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी यंत्रे दूरदेशीच्या प्रचंड संगणकगृहांत चालतात. आपण प्रश्न विचारतो, तो तिकडे जातो, उत्तर इकडे येते. म्हणजे दळण गावातल्या गिरणीवर पाठवण्यासारखे झाले. परंतु गिरणीवाल्याला प्रत्येक दळणाचा खर्च येतो, रांग लागते, आणि आपल्या डब्यात काय आहे हे त्याला दिसते. म्हणून कंपन्यांनी लहान आकाराची जाती बनवून थेट आपल्या घरात, म्हणजे आपल्या लॅपटॉपवर आणि फोनवर, बसवायला सुरुवात केली. या जात्याला ‘मॉडेल’ म्हणतात. मॉडेल म्हणजे मुख्यतः आकडे. कोट्यवधी, अब्जावधी आकडे. भाषेचा जो काही अंदाज त्या यंत्राला येतो तो सारा या आकड्यांत साठवलेला असतो. म्हणूनच ते इतके जड.

घरच्या जात्याचे गुण आहेत, हे कबूल केले पाहिजे. आपला मजकूर घराबाहेर जात नाही. इंटरनेट नसतानाही काम चालते, आणि आमच्या झरी-जामणीकडच्या गावांत नेटवर्कचा खेळ ज्याने पाहिला आहे त्याला याचे मोल पटेल. लेखाचा सारांश करणे, पत्राचा मसुदा सुधारणे ही कामे ज्याला हवी असतील त्याने जाते अवश्य ठेवावे. माझे म्हणणे एवढेच, की जाते आणणाऱ्याने दारावर थाप मारून विचारावे.

आता मापे पाहू. गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये जेमिनाय नॅनो नावाचे मॉडेल येते. ते सुमारे ४ गिगाबाइटचे आहे. ते उतरवून घेण्यासाठी डिस्कवर निदान २२ गिगाबाइट मोकळे असावे लागतात, आणि पुढे मोकळी जागा १० गिगाबाइटच्या खाली गेली तर ते आपोआप काढले जाते. म्हणजे घरमालकाची अडचण पाहून उठणारा हा त्यातल्या त्यात समजूतदार भाडेकरू. ॲपलने २०२४ साली ‘ॲपल इंटेलिजन्स’ आणले तेव्हा आधी ४ गिगाबाइट मोकळी जागा मागितली. थोड्याच काळात ती मागणी ७ वर गेली. भटाला दिली ओसरी, दुसरे काय! मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ जाहीर केले. हे आपल्या पडद्याची दर थोड्या वेळाने छायाचित्रे घेऊन ठेवते, म्हणजे मागे काय पाहिले होते ते शोधता यावे. त्यावर सुरक्षिततेच्या दृष्टीने फार टीका झाली, ते लांबणीवर पडले, आणि पुढे ‘ज्याला हवे त्यानेच सुरू करावे’ अशा रूपात आले. ते फक्त ‘कोपायलट प्लस’ जातीच्या नव्या संगणकांवर चालते. त्याला सुरू होण्यासाठी ५० गिगाबाइट मोकळे लागतात, आणि २५६ गिगाबाइटच्या डिस्कवर छायाचित्रांसाठी २५ गिगाबाइट राखून ठेवले जातात.

२५६ गिगाबाइटची डिस्क विकत घेतली तरी विंडोज ती २३८ चीच दाखवते. मोजण्याची पद्धत निराळी असल्याने. त्यातून विंडोजचा स्वतःचा संसार वजा जाता आपल्या वाट्याला काय उरते ते पाहा.

आणि ४ गिगाबाइट म्हणजे किती? साध्या दर्जाचे एक तासाचे ध्वनिमुद्रण ५८ मेगाबाइटच्या आसपास जाते. त्या हिशेबाने ४ गिगाबाइटमध्ये जवळजवळ ७० तासांच्या ओव्या मावतात. माझा आठ वर्षांचा सारा संग्रह ४० तासांचा! नुसता मजकूर म्हटला तर तीनशे पानांची सुमारे अडीच हजार मराठी पुस्तके त्यात बसतील. आमच्या गावच्या कितीतरी शाळांच्या ग्रंथालयांत एवढी पुस्तके नसतील.

झाडू कसा मारावा

माझ्या विद्यार्थ्याने मला जे शिकवले ते वाचकांसाठी क्रमाने देतो.

पहिली गोष्ट: घाईत, रात्री, डोके तापलेले असताना काहीही पुसू नये. आधी प्रत, मग पुसणे. आपली छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, आणि ती प्रत उघडते की नाही हे पाहूनच पुढे जावे.

दुसरी: कोण किती जागा अडवून बसला आहे ते मोजावे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज येथे सारा हिशेब दिसतो. ‘टेम्पररी फाइल्स’मधून जुन्या अद्ययावतीकरणांचा गाळ काढता येतो, मात्र तेथे ‘डाउनलोड्स’वर खूण पडलेली नाही ना, हे बघावे. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी आकारानुसार लावली की लठ्ठ मंडळी वर येतात. कोपायलटचे ॲप नको असेल तर ते याच यादीतून काढता येते. रिकॉल असलेल्या संगणकावर ते विंडोजच्या ‘फीचर्स’च्या यादीतली खूण काढून हटवता येते.

तिसरी: मूळ बंद करावे, नुसते पान तोडू नये. मॉडेलची फाइल शोधून पुसली, पण ती सोय चालूच ठेवली, तर फाइल पुन्हा उतरते. उलट इंटरनेटचा खर्च दुप्पट. क्रोमच्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’ विभागात उपकरणावरील एआय बंद करण्याची कळ आहे. ती बंद केली की मॉडेलही जाते. ॲपलच्या फोनवर व मॅकवर सेटिंग्जमध्ये ‘ॲपल इंटेलिजन्स’ बंद केले की त्याची मॉडेले काढून टाकली जातात.

चौथी: ओळखीचे नाही म्हणून विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात हात घालू नये. भिंतीतला खांब अडगळ वाटला म्हणून कुणी तो काढत नाही.

आणि पाचवी, जी सांगताना मला थोडी लाज वाटते. माझ्या लॅपटॉपातला सर्वांत मोठा भाडेकरू एआय नव्हताच. फोनमधून उतरवलेली ‘शुभ सकाळ’ची फुले, एकाच अभ्यासक्रमाच्या पाच प्रती, कुणाच्या तरी लग्नाची तीच ती चित्रफीत तीन ठिकाणी, हे सारे मीच जमवलेले. तेव्हा परक्याला नावे ठेवताना आपला माळाही तपासावा. पण या दोन्हींत फरक आहे. माझी अडगळ मी आणली. ती टाकायची की ठेवायची हे मला ठाऊक असते. जे आणलेच नाही ते टाकायचे तरी कसे सुचणार?

जागेचा प्रश्न पैशाचाही आहे. ज्यांच्या घरी नवा संगणक दरवर्षी येतो त्यांना ४ गिगाबाइटचे काही वाटणार नाही. पण माझ्या वर्गात घाटंजीची, नेरची मुले आहेत. थोरल्या भावाचा जुना लॅपटॉप धाकटीपर्यंत पोचतो, तिची पदवी त्याच्यावर निघते. तिच्या डिस्कवरचा प्रत्येक गिगाबाइट मोजून घेतलेला असतो, आणि इंटरनेटचा दिवसाचा कोटाही मोजकाच असतो. तिला न विचारता त्यातला वाटा उचलण्याचा हक्क कुणालाही नाही, मग तो कितीही शहाणा यंत्रपुरुष असो.

गेल्या रविवारी आम्ही सर्वांनी मिळून लॅपटॉप झाडून काढला. मी यादी वाचत होतो, मुलगी कळा दाबत होती, आणि सौभाग्यवती प्रत्येक फाइलला “हे कुणाचे?” असा एकच प्रश्न विचारत होत्या. तो प्रश्न मला ‘ठेवायचे की टाकायचे’पेक्षा चांगला वाटला. संध्याकाळपर्यंत ३१ गिगाबाइट मोकळे झाले. उरलेल्या ३४ तासांच्या ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत: एक घरी, एक कॉलेजातल्या कपाटात, एक बहिणीकडे नागपूरला.

आत्याच्या धाकट्या मुलाच्या फोनमध्ये तिचा एक तुकडा सापडला. चाळीस सेकंदांचा. दोन ओव्या, आणि मधे खोकला. त्याची मात्र मी चौथी प्रत करून ठेवली आहे.

वाचकहो, यंदा माळा झाडाल तेव्हा ही एक खोलीही झाडा. पण काही पुसण्याआधी क्षणभर थांबून विचारा: हे कुणाचे?