एक किलो चकलीचा हिशेब

सांगलीच्या एका पतसंस्थेत मी हिशेब पाहायचे. निवृत्तीनंतर घरी बसून उद्योग करणाऱ्या बायका वह्या घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. कुणाचं शिवणकाम, कुणाचे मसाले, कुणाचा दिवाळीचा फराळ. तक्रार मात्र एकच: "काकू, ऑर्डरी आहेत, पण पैसा कुठं जातो कळत नाही."

मग मी एक किलो चकली मांडते. आमच्या गल्लीतल्या एका वहिनी 280 रुपये किलोने चकली विकायच्या. भाजणीचे 95 आणि तेलाचे 50 धरले की 135 सुटतात, असं त्यांचं गणित. आम्ही दोघींनी पुढचं लिहिलं. तीळ, ओवा, तिखट, मीठ 12. गॅस 15. पिशवी आणि लेबल 13. मोडलेली, घरात खाल्लेली, चवीला वाटलेली मिळून 10. झाले 195. किलोभर चकली पाडून तळायला त्यांना तासभर लागायचा, आणि हाताखालच्या बाईला इतर कामाचे तासाला 90 रुपये देत होत्या. म्हणजे मदतनिसाला तासाला 90, आणि स्वतः 85 वर राबायचं. वहिनी बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आमच्यापेक्षा तीच बरी."

लिज्जतची 80 रुपये उसने घेऊन 1959 साली गिरगावात सुरुवात झाल्याची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यात दुसरंच आवडतं. तिथं पापड लाटणाऱ्या बहिणीला किलोमागे लाटण्याचे पैसे मिळतात. मजुरी भावातच धरलेली असते, उरलं तर बघू असं नाही. घरच्या बाईने हे स्वतःच्या बाबतीत केलं, तर अर्धा हिशेब सुटतो.

वहिनींनी भाव 420 केला. चार नातेवाईक रुसले. रुसू देत. पहिली गिऱ्हाइकं नात्यातलीच असतात आणि तीच सर्वात महाग पडतात: "तुला काय द्यायचे गं?" असं विचारतात आणि पिशवी उचलतात. खरं गिऱ्हाईक ते, जे ओळख नसताना दुसऱ्यांदा येतं. त्यासाठी वहिनींनी एक वही केली: कोणी काय नेलं, तिखट कमी मागितलं का, डबा परत आला का. पुढच्या वेळी ऑर्डरीचा निरोप आधी या वहीतल्यांना. फोनवरच्या रंगीत जाहिरातींपेक्षा हे जास्त चालतं, असं माझं मत. शिवाय चकली दिवाळीची. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट बारमाही. श्रावणात आणि नवरात्रात उपवासाची भाजणी. वर्षभर विकलं जाणारं काहीतरी हाताशी लागतंच.

किराणा दुकानदाराने पाकिटं ठेवली, पण किमतीतले 20 टक्के मागितले. 420 मधले 84 त्याचे. वहिनींना वाटलं, घरी येणाऱ्यांना 350 ने द्यावी. तिथे मी अडवलं. घरी स्वस्त मिळते हे कळलं की दुकानातून कोण उचलणार? दुकानदार एका आठवड्यात पाकिटं परत करील. छापील किंमत सगळीकडे एकच ठेवायची, दुकानदाराचा वाटा आधीच तीत धरायचा. पाकिटावर वजन, घटक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावी ते, हिरवा ठिपका आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक हवा. हाताने लिहिलेली चिठ्ठी प्रेमाची दिसते, पण दुकानदार तिला दारात उभं करत नाही.

पैशाचं खातं वेगळं हवं, ही गोष्ट मी दरडावून सांगते. क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा असला की तेलाचे पैसे शाळेच्या फीला जातात आणि कुणाला कळतही नाही. बँकेत जाऊन वेगळं खातं उघडायला एक सकाळ लागते.

त्याहून मोठा खड्डा म्हणजे ऑफिसांच्या ऑर्डरी. दीडशे डबे सांगतात, माल उचलतात आणि बिलाला "साहेब नाहीत" म्हणतात. तोवर डाळ, तेल आपल्या पैशाचं. अर्धी रक्कम आधी घेतल्याशिवाय कढई चढवू नये. त्याआधी उद्यम नोंदणी करावी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, तरी त्यासाठी पैसे मागणारे एजंट भेटतातच. नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. उशीर झाला तर व्याज. आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच येतो. बिलावर उद्यम क्रमांक छापला की हिशेब विभागातला माणूस तो वाचतो.

जीएसटीचं भय मात्र बहुतेकींना विनाकारण असतं. माल विकणाऱ्यांना वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि इतकी चकली तळणारी आमच्या गल्लीत कुणी नाही. पण वहिनींच्या भाचीने बंगळुरूच्या मैत्रिणींना पाकिटं पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी थांबवलं. राज्याबाहेर माल विकायचा असेल, तर ही सवलत लागू होत नाही. आता ते कागद भरायचे की पुण्यापर्यंतच विकायचं, यावर मावशी-भाचीचं अजून एकमत झालेलं नाही.