मामाचा बुटका ट्रक

सुट्टीवरून परत येताना मी मामाच्या ट्रकच्या फोटोची प्रिंट काढून आणली होती. एमटीच्या उस्तादांना ती दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "चारों टायर पंक्चर हैं क्या?"

नाही उस्ताद, टायर ठीक आहेत. ट्रकच मुद्दाम खाली बसवलेला आहे. "क्यों?" या त्यांच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा उभ्या उभ्या नीट देता आलं नाही, म्हणून हा लेख.

माझा मामा अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. त्याने शेव्हरोले कंपनीचा १९७० सालचा सी-१० पिकअप घेतला आहे. आपण ज्याला पिकअप म्हणतो त्याला तिकडे सरळ ट्रकच म्हणतात. सी म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना ताकद मिळणारा. चारही चाकांना मिळणाऱ्याला के म्हणत. १० म्हणजे अर्ध्या टनाच्या वर्गातला. १९६७ ते १९७२ या सहा वर्षांत या आकाराचे ट्रक निघाले आणि जुन्या गाड्या नव्याने बांधणाऱ्यांचे ते फार लाडके आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी साताऱ्याला घरी होतो. सकाळी साडेसहाला, म्हणजे मामाच्या रात्री आठला, तो व्हिडिओ कॉल लावून फोन गॅरेजच्या फळीवर टेकवायचा आणि कामाला लागायचा. मी इकडे वही घेऊन बसायचो. शाळेत साडेसहाला पीटी असते, त्यामुळे उठायचा त्रास नव्हता.

पहिला प्रश्न, ट्रक खाली बसवायचाच कशाला? आपल्याला जोंगा आणि जिप्सी अशा उंच गाड्यांचं कौतुक. नाला, दगड, चिखल पार करायचा तर गाडीचं पोट जमिनीपासून वर हवं. पण मामाला नाला पार करायचा नाही, सरळ डांबरी रस्त्यावर चालवायचं आहे. माल वाहणाऱ्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा पाठीवर ओझं आहे असं धरून बनवलेल्या असतात. ओझं नसलं की मागची बाजू वर येते आणि रिकामा ट्रक शेपूट वर केलेल्या बैलासारखा दिसतो.

गाडी खाली बसवण्याची हौस कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी वाढवली. सुरुवातीला ते डिकीत वाळूची पोती टाकत. मग चाकाच्या लोखंडी रिमच्या खाली गाडीचा कुठलाही भाग येता कामा नये असा कायदा तिथे झाला, तेव्हा रॉन अगिरे नावाच्या तरुणाने १९५९च्या सुमारास आपल्या गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली! तो कायदा मला मात्र अक्कलहुशारीचा वाटतो. टायर फुटला की गाडी रिमवर येते. रिमच्या खाली चासीचा एखादा भाग असेल तर तो आधी रस्त्याला टेकेल आणि मग स्टिअरिंग आणि ब्रेक तुमच्या हातात राहणार नाहीत. मामाने हा नियम गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. एका रिमच्या तळापासून दुसऱ्या रिमच्या तळापर्यंत दोरी ताणायची. त्या दोरीला काहीही शिवता कामा नये.

दिसण्यापलीकडे एक खरा फायदाही आहे. वळणावर आपल्या शाळेच्या बसमध्ये सगळे बाहेरच्या बाजूला कलतात. गाडीचं वजनही तसंच बाहेरच्या चाकांवर जातं. किती जाईल हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतं. समजा तो जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे आणि तुम्ही तो ५२वर आणला, तर तेवढ्याच वेगात, तेवढ्याच वळणावर, बाहेर सरकणारं वजन पाचव्या हिश्शाने कमी होतं. आतली चाकं रस्ता जास्त घट्ट धरतात.

मामाने पुढून ४ इंच आणि मागून ६ इंच उतरवायचं ठरवलं. पुढचं काम त्या मानाने सोपं निघालं. ज्या तुकड्यावर चाक फिरतं त्याला स्पिंडल म्हणतात. त्याची दांडी अडीच इंच वर असलेलं स्पिंडल तयार मिळतं. चाक वर गेलं म्हणजे गाडी खाली आली. स्प्रिंगला हातही लावावा लागत नाही. उरलेले दीड इंच आखूड स्प्रिंगांनी मिळाले. स्प्रिंगचे वेढे ग्राइंडरने कापणारेही लोक आहेत. मामा त्यांच्यावर चिडतो, कारण कापलेलं टोक खाचेत नीट बसत नाही.

मागची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या पिकअपला मागे पाटे असतात. या ट्रकला त्याऐवजी दोन लांब दांडे आहेत. चासीच्या मध्यावरून निघून ते मागच्या हौसिंगखाली जातात आणि त्यांच्यावर गोल स्प्रिंगा बसतात. अशी मागची बाजू पिकअपला तेव्हा क्वचितच असे, म्हणून हा ट्रक खाली बसवायला लोकांना आवडतो. पण ६ इंच उतरवल्यावर मामाने मोजलं तर हौसिंगची नळी आणि वरची चासी यांच्यात फक्त १ इंच जागा उरली होती. पहिल्याच खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटलं असतं.

यावर उपाय म्हणजे हौसिंगच्या वर चासीलाच अर्धगोल खाच पाडायची. तीन दिवस मामाने ते काम पुढे ढकललं. इतर सगळं पुन्हा पूर्वीसारखं करता येतं, नट-बोल्ट उलटे फिरवले की झालं. पन्नास वर्षांहून जुनी, कंपनीने बनवलेली अखंड चासी एकदा कापली की कापली. शिवाय कमजोर झाली तर?

किती कमजोर होते ते तुम्ही बाकावर बसून पाहू शकता. प्लास्टिकची पट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकेल. तीच उभी धरून वाकवायचा प्रयत्न करा. पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असेल, तर उभी पट्टी वाकवणं १०० पट कठीण आहे, कारण वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. चासी म्हणजे उभी पट्टीच. तिच्यात वरपर्यंत खाच पाडली म्हणजे तिची सगळ्यात कामाची गोष्ट, उंची, तिथे कापली. म्हणून नुसती खाच पाडून चालत नाही. जाड पत्र्याचा इंग्रजी सी अक्षरासारखा तुकडा त्या जागी बसवून, बोल्ट आणि वेल्डिंग करून गेलेली ताकद परत द्यावी लागते. मामाने आधी हा तुकडा चासीवर ठेवून खुणा केल्या, भोकं पाडली, आणि मगच कापलं. ग्राइंडर सुरू झाला तेव्हा मी इकडे आवाज बंद केला, आजी झोपली होती. कापून झाल्यावर हौसिंगच्या वर साडेतीन इंच जागा झाली.

आता इंजिन. ट्रकमध्ये मूळ सहा सिलिंडरचं ४.१ लिटरचं इंजिन होतं. कंपनी त्याची ताकद १५५ हॉर्सपॉवर सांगत असे, पण त्या काळी अमेरिकेत ताकद इंजिनाला पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजत, त्यामुळे रस्त्यावर ती बरीच कमी भरायची. मामाने २००२ सालच्या अपघातग्रस्त सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि गिअरबॉक्स भंगारवाड्यातून आणला. त्याची ताकद २८५, आणि हा आकडा सगळं जोडून मोजलेला आहे. हे एलएस घराण्यातलं इंजिन. १९९७ साली ते प्रथम कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये आलं. त्याचा कॅमशाफ्ट डोक्यावर नसून इंजिनाच्या पोटात असतो, त्यामुळे ते अंगाने लहान राहतं आणि जुन्या बॉनेटखाली सहज मावतं. फक्त तेलाचं चेंबर फार खोल होतं. मूळ ट्रक उंच होता तिथे ठीक, इथे ते दोरीच्या खाली येत होतं! ते बदलून उथळ चेंबर लावावं लागलं.

मला स्वतःला इंजिनापेक्षा गिअरबॉक्सचं जास्त वाटतं. जुन्याला तीन गिअर होते आणि तिसऱ्यात इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट सारख्याच वेगाने फिरत. नव्याच्या चौथ्या गिअरचं प्रमाण ०.७० आहे. मागच्या हौसिंगचं प्रमाण ३.७३ आणि टायरचा व्यास २८ इंच धरून मी ताशी १०० किलोमीटरचं गणित केलं. जुन्या गिअरबॉक्सवर इंजिन मिनिटाला सुमारे २,७८० फेरे मारेल, नव्यावर १,९५०. लांबच्या प्रवासात याचा अर्थ कमी आवाज, कमी पेट्रोल आणि कमी झीज.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी ते दोन सेकंद चाललं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. मामाने पेट्रोल पाहिलं, ठिणगी पाहिली, सगळं बरोबर. शेवटी कळलं की इंजिनाचा कॉम्प्युटर त्याच्या जुन्या ट्रकच्या किल्लीची खूण शोधत होता. ती मिळेना, म्हणून आपण चोरीला गेलो आहोत असं समजून तो पेट्रोल तोडत होता. एका अर्थी त्याचं खरंच होतं. कॉम्प्युटरमधला तो पहारा काढून टाकल्यावर इंजिन चालू राहिलं.

पेट्रोलवरून आठवलं. या ट्रकची पेट्रोलची टाकी कुठे होती माहीत आहे? केबिनच्या आत, सीटच्या मागे! बसणाऱ्याच्या पाठीला टाकी. कार्ब्युरेटरला साधारण ०.४ बार दाब पुरतो. या नव्या इंजिनाला सुमारे ४ बार लागतो, म्हणजे दहा पट. एवढ्या दाबाची नळी केबिनमधून नेण्याचा विचारसुद्धा नको. मामाने टाकी काढून टाकली आणि नवी टाकी, आत पंप असलेली, मागच्या हौद्याखाली चासीच्या दोन दांड्यांच्या मध्ये बसवली. १९७०च्या या ट्रकला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढचे डिस्क ब्रेक कंपनीने १९७१पासून दिले. मामाने पुढे डिस्क लावले, आणि ते इंजिन आणण्याच्या आधी. माझ्या मते हाच क्रम बरोबर. ताकद दुप्पट करून ब्रेक तेच ठेवणाऱ्याच्या शेजारी मी बसणार नाही.

आता माझी चूक. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि मागच्या हौसिंगचा पिनियन हे एकमेकांना समांतर हवेत. नाहीतर प्रोपेलर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग बदलतो आणि सगळा ट्रक थरथरतो. गिअरबॉक्स मागच्या बाजूला ३ अंश खाली झुकला होता, म्हणजे पिनियनचं नाक ३ अंश वर हवं. पण ट्रक खाली बसला तेव्हा ते लांब दांडे पुढच्या टोकाला खाली गेले आणि त्यांच्याबरोबर पिनियनचं नाकही खाली वळलं. ते शून्यावर आलं. दांडा आणि हौसिंग यांच्यामध्ये ३ अंशांची पाचर घालायची होती. जाड बाजू पुढे की मागे, हे मामाने मला काढायला सांगितलं. मी वहीत आकृती काढली, आणि ट्रकचं तोंड आकृतीत डावीकडे आहे हे विसरून "जाड बाजू मागे" असं ठासून सांगितलं. मामाने दोन्ही बाजूंना पाचरी घातल्या, बोल्ट आवळले, कोन मोजला. नाक ३ अंश खाली. फरक शून्य व्हायच्या ऐवजी ६ अंश झाला होता. रात्रीचे अकरा वाजले होते तिकडे. मामा काही बोलला नाही. त्याने बोल्ट पुन्हा सैल केले, पाचरी फिरवल्या, आणि म्हणाला, "आता तू मोज." फोनचा कॅमेरा त्याने कोनमापकाजवळ धरला. ३ वर. त्यानंतर प्रत्येक आकृतीवर मी आधी बाण काढून 'पुढे' असं लिहितो.

हे वाचून घरच्या जुन्या गाडीकडे बघू लागलेल्यांसाठी एक सूचना, आणि पालकांसाठी दिलासा: आपल्याकडे हे करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या गाडीची मूळ रचना मनाने बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. आमच्या वाड्यात आजोबांचा जुना टेम्पो उभा आहे. त्याच्याकडे मी दोन दिवस टेप घेऊन फिरलो, हे खरं आहे. आजोबांनी टेप काढून घेतली.

आजीने मात्र मामाला अडचणीचा प्रश्न विचारला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मग त्यात उसाच्या चार मोळ्या तरी बसतील का रे?" मामा थोडा वेळ गप्प राहिला. हौद्यात जागा आहे, पण साडेतीन इंचांत स्प्रिंग किती दबणार? जड ओझं टाकलं की हौसिंग खाचेला टेकणार. "फार नाही बसणार, आई," तो म्हणाला. ज्या शेतकऱ्याकडून त्याने ट्रक घेतला त्याने त्यात चाळीस वर्षं गवताचे भारे वाहिले होते. मामाने मूळच्या उंच स्प्रिंगा तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. कापलेल्या चासीचे दोन अर्धगोल तुकडेही त्याच पोत्यात आहेत, ते कशाला ठेवले ते त्याने सांगितलं नाही.

ट्रक अजून रस्त्यावर गेलेला नाही. प्रोपेलर शाफ्टचं माप ट्रक स्वतःच्या चाकांवर, पूर्ण वजनाने उभा असतानाच घ्यावं लागतं, आणि पुढच्या टोकाला तो सरकायला इंचभर मोकळीक ठेवावी लागते. ते माप गेल्या रविवारी घेतलं. शाफ्ट बनायला दिला आहे. फोनवर बोलायला मिळालेल्या दहा मिनिटांपैकी आठ मिनिटं आम्ही त्यावरच बोललो, आणि मग आईला फोन करायचा राहून गेला.