एका रेणूच्या जाडीचा डायोड

विद्युतप्रवाह एका दिशेने सोडायचा आणि उलट दिशेने अडवायचा, हे डायोडचं काम. ते एकटा रेणूही करू शकेल, असं अरी अविराम आणि मार्क रॅट्नर यांनी १९७४ मध्ये मांडलं. त्यांचा रेणू कागदावरचाच होता. त्याच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकणारा गट, दुसऱ्या टोकाला ते ओढून घेणारा, आणि मधे दोघांना जोडणारा, पण त्यांची सरमिसळ होऊ न देणारा पूल.

असा रेणू तयार करणं जमण्यासारखं होतं. खरी अडचण त्याला वायर जोडण्याची. त्यावर तोडगा म्हणजे पाण्यावर तरंगणारा रेणूंचा एकेरी थर. सोळा कार्बनची लांब शेपटी जोडली की रेणू पाण्यावर शेपटी वर करून उभे राहतात. त्यांना बाजूने दाबून गोळा करायचं आणि धातूचा लेप दिलेली काच पाण्यातून वर ओढायची. थर तिला चिकटून येतो. जाडी दोन-अडीच नॅनोमीटर. त्यावर पुन्हा धातूचा लेप द्यायचा. इथेच बहुतेक नमुने वाया जातात, कारण धातूचे तप्त अणू थर भेदून खाली पोहोचतात आणि सरळ शॉर्ट सर्किट होतं.

ब्रिटनमधल्या संशोधकांना १९९० मध्ये अशा थरात एकदिशा प्रवाह दिसला. पण खाली प्लॅटिनम, वर मॅग्नेशियम. दोन वेगळे धातू असले की रेणूने काही न करताही प्रवाह एकतर्फी होऊ शकतो. मग श्रेय कोणाला द्यायचं? अलाबामा विद्यापीठाच्या रॉबर्ट मेट्झगर यांनी तोच रेणू घेतला आणि दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच लावलं. तरीही एका दिशेचा प्रवाह दुसऱ्या दिशेपेक्षा जास्त निघाला. उत्तम नमुन्यात सुमारे २६ पट. हे १९९७ साल. पुढे त्यांनी सोन्याची इलेक्ट्रोड वापरूनही तसंच दाखवलं. मात्र व्होल्टेज पुन्हापुन्हा उलटसुलट केलं की हा गुण ओसरत जाई.

सिंगापूरमध्ये २०१७ मध्ये फेरोसीनच्या रेणूंनी हे गुणोत्तर सहा लाखांच्या वर नेलं. वरचं इलेक्ट्रोड गॅलियम-इंडियमचा द्रव मिश्रधातू, म्हणून नाजूक थराला भोक पडण्याची धास्ती कमी. हा आकडा सिलिकॉन डायोडच्या पंगतीला बसणारा आहे. तरी माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा आकडा २६ हाच. प्रवाह अडवणारा रेणूच आहे, याची पहिली भक्कम साक्ष त्याने दिली.